थांबलेली दाढ

काल दाढ ठणकली म्हणून लवंगतेलाचा बोळा ठेवला आणि त्या वासासरशी बाबांचा शहापूरचा दातांचा दवाखाना डोळ्यांपुढे आला.

मी लहान असताना एके दिवशी मुरबाडला आईचं ऑपरेशन होतं. आम्ही निघणार, तोच डोळखांबची एक म्हातारी गाल धरून आली. इतक्या लांबून आलेली, तिला परत कसं पाठवायचं? बाबांनी सुई भरली, पण त्यांची नजर सारखी घड्याळाकडे जात होती.

"काय झालं, डाक्टर?" म्हातारीने विचारलं.

"बायकोचं ऑपरेशन आहे."

ती खुर्चीतून उतरलीच. "माजी दाढ थांबली. आता दुखत नाय. तुमी जा."

मला ते खरंच वाटलं होतं. दाढ अशी थांबत नसते, हे काल कळलं. बाबांना तर तेव्हाही ठाऊक होतं. तिच्या हातात लवंगतेलाची बाटली ठेवून ते एसटी स्टँडकडे पळत सुटले.