धर्मशाळेचे छप्पर आणि आमचे सुभेदार

माणसाला मान देण्याच्या बाबतीत आमच्या सुभेदारांइतका हट्टी पुरुष सातारा ते सांगली या टापूत दुसरा झाला नाही, आणि हे विधान खोडून काढू पाहणाऱ्याशी मी या वयातही भांडायला तयार आहे. माझ्या चुलत्यांचे ते पलटणीतले सोबती. पहिले महायुद्ध करून परतलेले, ताडमाड, मिशांना तूप चोळणारे. त्यांच्याविषयी हल्ली गावात जे सांगितले जाते, त्यातले निम्मे खोटे आणि उरलेले ऐकीव आहे. मी त्या काळी म्युनिसिपालिटीत कारकून होतो. लिहितो आहे ते डोळ्यांनी पाहिलेले.

दुसरे महायुद्ध चालू असताना सुभेदारांनी बाजारतळामागच्या ओस धर्मशाळेत घरदार नसलेली माणसे आणून ठेवली, कोणी पुलाखालून, कोणी देवळाच्या ओवरीतून. त्यांना ‘निराश्रित’ म्हटलेले सुभेदारांना खपत नसे. धर्मशाळेला दार नव्हते, नुसती चौकट होती. तरी ते चौकटीवर काठी वाजवून बाहेर थांबत आणि आतून कोणी “या” म्हटल्यावाचून उंबरा ओलांडत नसत. एकदा सगळी मंडळी बाजारात गेलेली, आणि हा गडी खांद्यावर ज्वारीचे पोते घेऊन भर उन्हात उभा! मी म्हटले, “अहो सुभेदार, आत कोणीच नाही.” तर म्हणतात, “म्हनून तर थांबलोय. घरधनी न्हाईत, आत कसं जावं?”

त्या धर्मशाळेचे निम्मे छप्पर कोसळलेले होते. पावसाळ्याआधी ते दुरुस्त झाले नाही, तर माणसे पुन्हा पुलाखाली जाणार. निराश्रितांना आसरा देणाऱ्या संस्थांना ग्रँट द्यावी, असा म्युनिसिपालिटीचा ठराव होता. अट एवढीच की कमिटीने जाऊन निराश्रित स्वतः पाहावेत. सुभेदारांनी अर्ज केला, आणि मग जगात दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती अशी चूक केली. पाहुणे येणार म्हणून त्यांनी पहाटेपासून सर्वांना न्हाऊ घातले, न्हावी बसवला, आळी पालथी घालून धुवट धोतरे-लुगडी उसनी आणली, रांगोळी काढवली आणि पंगत मांडली. कमिटीच्या अध्यक्षांनाही चौकटीबाहेर तिष्ठत ठेवले. आतून म्हातारी गोदाबाई “या” म्हणाली, तेव्हा प्रवेश. अध्यक्ष पोटभर जेवले, पंगतीत शेजारी बसलेल्या फेटेवाल्याशी उसाला पाणी देण्याविषयी बोलले, विडा तोंडात घातला आणि म्हणाले, “जेवण उत्तम झाले, सुभेदार. आता तुमचे निराश्रित दाखवा.”

“आवं, आत्ता मांडीला मांडी लावून जेवलासा की त्यांच्यासंगं!”

“हे निराश्रित? अहो, माझ्यापेक्षा याचा फेटा बरा आहे! थट्टा करता काय?” असे म्हणून अध्यक्ष तरातरा निघून गेले आणि अर्ज फेटाळला गेला. मी सुभेदारांना बाजूला घेऊन सुचवले की मी कमिटीला पुन्हा आणतो, त्या दिवशी मंडळींना फाटक्या कपड्यांत बसवा. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी दोन पावले मागे सरलो. “पाव्हणं दारात येनार आन म्या घरच्या मानसांस्नी चिंध्यांत बसवू? ऱ्हाऊ द्या तुमची ग्रँट!”

गावच्या पाटलांचे नातू सांगतात, की पुढे सुभेदारांनी माणसांना चिंध्या नेसवल्याच. धादांत खोटे! घडले ते असे. पश्चिमेकडे ढग दाटू लागले, तेव्हा या विधुर, निपुत्रिक माणसाने स्वतःच्या घराची कौले उतरवली, वासे काढले आणि गाड्यांत घालून धर्मशाळेवर चढवले. मग वळकटी काखेत मारून त्याच चौकटीवर काठी वाजवली. गोदाबाई आतून खेकसली, “आवं, कौलं तुमची, आन इचारताय कुनाला?”

“कौलं माझी, पर घर तुमचं. येऊ का?”

“या की वो, या,” ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

पुढल्या वर्षी मी अर्ज पुन्हा पुढे केला. कमिटी आली, पुन्हा रांगोळी, पुन्हा धुवट कपडे. शहाण्या झालेल्या अध्यक्षांनी जेवणाआधीच विचारले, “इथे घर नसलेले कोण आहे, ते सरळ सांगा.” कोणी हलेना. तेव्हा सुभेदार पंगतीतून उठले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकून म्हणाले, “म्या हाय, साहेब.” येताना वाटेत अध्यक्षांनी ते बोडके घर पाहिले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि निमूट पानावर बसले. ग्रँट मंजूर झाली.

यालाच काही शहाणे सुभेदारांची चलाखी म्हणतात. ते त्या वेळी पाळण्यात होते, म्हणून क्षमा करतो. साहेबाने विचारले आणि शिपायाने खरे सांगितले, एवढेच. ग्रँट हाती आल्यावर “आता आपले घर शाकारा” असे मीच म्हटले होते. “तिथं म्या एकटाच ऱ्हानार. इथं मानसं लय हाईत,” म्हणत त्यांनी धर्मशाळेची पडवी वाढवली. ते गेले तेही त्या पडवीतच.

आज धर्मशाळा उरलेली नाही, पण सुभेदारांच्या घराच्या भिंती आणि चौकट उभी आहे. लोक त्याला ‘पडकं घर’ म्हणतात, आणि प्रत्येकाला थांबवून मी बजावतो, की ते पडलेले नाही, उतरवलेले आहे. संध्याकाळी तिकडे फिरायला गेलो, की त्या चौकटीवर मी हळूच काठी वाजवतो आणि उभा राहतो. नातसून परवा म्हणाली, “आजोबा, आत कोणीच नाही हो.”

म्हणून तर थांबतो.