माळेजवळ बसलेली राणी

मित्रांनो, आज दुपारी लकडगंजच्या आमच्या गल्लीतून वरात निघाली. रस्त्यावर फटाक्यांची लांब माळ अंथरली होती.

शेजारच्या सुभेदारकाकांची राणी त्या माळेजवळ जाऊन शांत बसली. ही कुत्री फौजेतून निवृत्त झालेली. सीमेवर सुरुंग हुंगून सापडला, की ती अशीच बसायची आणि हुकमाशिवाय उठायची नाही.

"थांबा गा, तिले हटवू द्या," काका फाटकातून ओरडत धावले.

"फौजी कुत्री हाये न, पाहू किती दम हाये," म्हणत एका वऱ्हाड्याने माळ पेटवली.

काकांचा हुकूम बँडच्या आवाजात राणीला ऐकूच गेला नाही. ती बसून राहिली. तिचे दोन्ही डोळे गेले.

कुणीतरी काढलेला त्याचा व्हिडिओ आता आपल्याच ग्रुपवर आहे, खाली हसणारे चेहरे आहेत. त्यातला तुमचा कोणता?