चिरडे ड्रायव्हरचा उजवा पाय

मारोतराव चिरडे यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली आणि एकतीस वर्षांत साधी कोंबडीसुद्धा चिरडली नाही. आडनावामुळे दिग्रस डेपोत त्यांची फार चेष्टा व्हायची. नवा साहेब आला, की ड्यूटीच्या यादीवर बोट ठेवून दचकून विचारायचा, "हे चिरडे कोण?" आणि सगळे ड्रायव्हर-कंडक्टर खिदळायचे. मारोतरावही खिदळायचे. माणूस मोठा दिलखुलास.

जूनमध्ये ते रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीत खुर्चीवर बसून चहा पीत होते. समोरून एक शेळी गेली आणि त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन फरशीवर धप्पकन दाबला गेला. निम्मा चहा शर्टावर.

"काय झालं जी?" कोकिळाबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही. ब्रेक मारला."

कोकिळाबाई पोट धरून हसल्या. पण हे थांबेना. टीव्हीवरच्या मालिकेत कुणाची गाडी वळली, की धप्प. केस कापायला बसले आणि न्हाव्याने मान वळवली, की धप्प, आणि न्हाव्याचा वस्तरा हवेत. एका लग्नात तर पंगतीत वाढणारी पोरगी जरा जोरात समोर आली आणि मारोतरावांचा पाय असा सुटला, की शेजारच्या पाहुण्याच्या पत्रावळीतलं वरण थेट पाहुण्याच्या धोतरावर. दोन महिन्यांत उजव्या चपलेचा तळ झिजून भोक पडलं. डावी नवीकोरी.

बाहेर हसू व्हायचं ते व्हायचं, पण पाय दाबला जाण्याआधी त्यांच्या छातीत काहीतरी धस्स व्हायचं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि या छातीतल्या धस्समुळेच घरातली स्कूटी धूळ खात पडली होती. लेक खुशी लग्न होऊन अमरावतीला गेली, तिची ती स्कूटी. कोकिळाबाईंना ती शिकायची होती. "एवढ्या मोठ्या ड्रायव्हरची बायको मी," त्या म्हणायच्या, "अन् बाजारात पायी जाऊन राह्यली!" मारोतराव प्रत्येक वेळी नाही म्हणायचे. कारण सांगत नसत.

शेवटी प्रेमसिंग आला. प्रेमसिंग तांड्यावरचा, अकरा वर्षं त्यांच्याच गाडीवर कंडक्टर. "भाऊ, चाला दवाखान्यात," तो म्हणाला. "बीपी पाहून येऊ."

सरकारी दवाखान्यात मारोतराव बीपीच्या खोलीकडे वळले, तर प्रेमसिंगने दंड धरून दुसऱ्याच दारापुढे उभं केलं. वर पाटी होती, 'मानसिक आरोग्य, दर मंगळवारी'.

"प्रेमसिंग, मी येडा झालो काय बे?"

"नाही भाऊ. मी बी नाही झालो. पण मी तीन महिन्यापासून येऊन राह्यलो."

"तुले काय झालं?"

प्रेमसिंग जरा लाजला. "मले गर्दीत जीव घाबरते."

मारोतराव त्याच्याकडे बघतच राहिले. अकरा वर्षं हा माणूस बाजाराच्या दिवशी शंभर माणसांच्या गर्दीतून तिकिटं फाडत मागच्या सीटपर्यंत जात होता! "सांगतलं काहून नाही?" त्यांनी विचारलं.

"तुमी गाडी चालवत होते ना," प्रेमसिंग म्हणाला. मग दोघेही आत गेले.

आत अपेक्षा मॅडम होत्या. मॅडम कसल्या, सत्ताविशीची पोरगी, दिग्रसचीच, अमरावतीला मानसशास्त्र शिकून आलेली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. ऐकता ऐकता बाहेर कुणीतरी बादली पाडली आणि मारोतरावांचा पाय टेबलाच्या लोखंडी पायावर आपटला. टेबल हललं, पेन गडगडलं. ती हसली नाही. उलट तिचे डोळे चमकले.

"काका, पाय दाबायच्या आधी काय होतं?"

हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. "छातीत धस्स होते," ते हळूच म्हणाले.

"ती वेदना."

"नाही नाही, वेदना नाही. दुखत नाही काही."

"पाली भाषेतली वेदना म्हणते मी, काका. पालीत वेदना म्हणजे दुखणं नाही, जे काही जाणवतं ते. गोड, कडू, नाहीतर दोन्ही नाही. बुद्धांनी सांगितलं, आधी काहीतरी समोर येतं, मग अंगात जाणवतं, मग मन झडप घालतं. आम्हाला कॉलेजात हेच वेगळ्या शब्दांत शिकवलं. खटका, ऊर्मी, सवय. मी मोठ्या ऐटीत घरी येऊन बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणे, एवढ्यासाठी अमरावतीला गेलती काय? हे तर विहारात दर रविवारी सांगतात!"

प्रेमसिंग फिस्सकन हसला. ती पुढे म्हणाली, "तुमच्या मेंदूला अजून निवृत्तीचा कागद मिळाला नाही, काका. तो धोका शोधतोच आहे. तुमच्या बाबतीत धस्स होणं आणि पाय दाबणं एकमेकांना चिकटून गेलंय. आपण ते सुटं करू."

"गोळी देता?"

"लागली तर डॉक्टर देतील. आधी बसायचं."

"बसूनच तर एकतीस वर्षं काढली!"

आता मात्र तीही हसली. तिने त्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दोन सेकंदांत मारोतरावांनी खाडकन डोळे उघडले. कपाळावर घाम. "मॅडम, ड्रायव्हरनं डोळे मिटाचे?" तिने लगेच मान्य केलं. काही जणांना डोळे मिटले की जास्त भीती वाटते, म्हणाली, तुम्ही उघडेच ठेवा, समोर जमिनीवर नजर ठेवा.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी तिला ती गोष्ट सांगितली. पुसदच्या रस्त्यावर, एका थांब्याजवळ, पाच-सहा वर्षांची एक पोट्टी हातात चिप्सचं पाकीट घेऊन गाडीसमोर आली होती. गाडी थांबली तेव्हा पोट्टी अन् बंपर यांच्यात हातभर जागा होती. पोट्टीला काही कळलंसुद्धा नाही. चिप्स खात रस्ता ओलांडून गेली. गाडीतल्या लोकांनी ड्रायव्हरला शिव्या दिल्या, कारण सगळ्यांची डोकी पुढच्या दांड्यावर आपटली होती. त्याला आता सोळा वर्षं झाली होती.

"म्हणजे ती बावीसेक वर्षांची असेल," अपेक्षा म्हणाली.

मारोतराव थबकले. सोळा वर्षं ती पोट्टी त्यांच्या डोक्यात पाच वर्षांचीच होती. "हाव ना," ते म्हणाले. "लग्नबिग्न झालं असन तिचं." आणि त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं आणि ते घरी जाईपर्यंत थांबलं नाही.

रविवारी अपेक्षाने त्यांना विहारात बोलावलं, आणि प्रेमसिंगही सोबत आला. विहार त्यांच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. एकतीस वर्षं ते त्याच्यासमोरून गेले होते, आत कधी गेले नव्हते. कुणी अडवलं नव्हतं; आपल्या घरची माणसं तिकडे जात नाहीत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. चपला काढताना त्यांना उगाच चोरट्यासारखं झालं. आत बाराएक माणसं बसली होती. एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून जागा दिली आणि म्हणाल्या, "या भाऊ. तुमच्या गाडीनं लय गेलो आमी पुसदले."

सगळे शांत बसले. पंख्याचा आवाज तेवढा. पाच मिनिटं गेली. मारोतरावांची नजर सतरंजीवर, श्वास येतोय, जातोय. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर करकचून ब्रेक वाजला आणि मारोतरावांचा पाय फरशीवर, धप्प! पुढच्या बाई टुणकन उडाल्या. आणि त्या शांततेत, मागे बसलेल्या प्रेमसिंगच्या तोंडून, डोळे मिटलेले असतानाच, जुन्या सवयीने निघून गेलं, "चाला, उतरा, दिग्रस!"

एक क्षण कुणी हललं नाही. मग त्या म्हाताऱ्या बाईंचे खांदे थरथरू लागले. मग कुणीतरी नाकातून आवाज काढला. अपेक्षा गंभीरपणे म्हणाली, "हसू आलं तर दाबू नका. कुठे उठतंय ते पाहा. पोटात? गळ्यात?" हे ऐकून सगळ्यांनी हसू कुठे आहे ते पाहिलं आणि मग जो काय स्फोट झाला! हसण्याकडे पाहावं तर ते वाढे, पाहू नये तर आणखी वाढे. एक गुरुजी आडवे झाले. शेवटी अपेक्षाच्या हातातली घंटा थरथरून आपोआप किणकिणली आणि त्यावर पुन्हा सगळे हसले. बुद्धांची मूर्ती समोर तशीच, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर आधीपासूनच ते जरासं हसू.

हसू उतरलं. कसं उतरतं, ते मारोतरावांनी पाहिलं. आणि त्याच उतरणीवर, बाहेर दुसरी गाडी करकचली, तेव्हा त्यांना छातीतलं धस्स दिसलं. दिसलं म्हणजे स्वच्छ कळलं, की हे आलं. मांडी आवळली. आता पाय जाणार, हेही कळलं. आणि पाय गेला नाही. धस्स वर चढलं, टोकाला थरारलं आणि विरून गेलं.

"गेला नाही!" मारोतराव ओरडले. "मॅडम, गेला नाही! प्रेमसिंग, पाय गेला नाही बे!"

त्या दिवशी त्या विहारात पुन्हा ध्यान झालं नाही. सगळ्यांना चहा पाजूनच मारोतराव घरी आले.

पुढचे पंधरा दिवस घरात कहर झाला. नव्या विद्येने मारोतराव झपाटले. खाज आली, की हात अधांतरी धरून "पाहून राह्यलो, पाहून राह्यलो" म्हणत बसायचे. भाजीत मीठ कमी पडलं, तर चेहरा शांत करून जाहीर करायचे, "राग आला. वाढून राह्यला. उतरला." कोकिळाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगोदर पाय आपटे ते बरं होतं. आता तर घरात पूर्ण ध्यानच येऊन बसलं!"

पण मग एका सकाळी, ऑक्टोबरात, कोकिळाबाई स्कूटीची किल्ली त्यांच्यासमोर ठेवून उभ्या राहिल्या. "मी शिकली," त्या म्हणाल्या. "तुमी विहारात जात होते तवा शेजारच्या जयाबरोबर. ग्राउंडावर. लायसन बी काढलं. आता मले दारव्ह्याले जायचं हाय, माह्या बहिणीकडे. अन् तुमी मागं बसाचं."

मारोतरावांच्या छातीत असं धस्स झालं, की आजवरचे सगळे धस्स एकत्र केले तरी कमी पडतील. मागे बसायचं! तिथे ना स्टेअरिंग, ना ब्रेक. त्यांनी श्वास घेतला. धस्सकडे पाहिलं. ते बराच वेळ उतरलं नाही. मग त्यांनी हेल्मेट घेतलं.

निघाले. पहिल्या वळणावर पाय दाबला गेला. दुसऱ्यावरही गेला. तिसऱ्यावर गेला, पण जातोय हे कळलं. चौथ्यावर जागेवरच राहिला. कपाशी दोन्ही बाजूंनी फुटलेली, ऊन कोवळं, आणि कोकिळाबाईंचा पदर त्यांच्या तोंडावर फडफडत होता. "घाबरले काय जी?" त्या ओरडल्या. "हाव!" ते ओरडले. "पण चालव!" आणि काय झालं कोण जाणे, त्यांना एकदम हलकं वाटलं, लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं, पोटात गोळा आणि तोंडात किंकाळी. त्यांनी खरंच किंकाळी मारली. एका बैलाने मान वर करून पाहिलं.

तेवढ्यात रस्त्यावर अर्ध्या भागात वाळत घातलेलं सोयाबीन आलं. पिवळंधम्मक, लांबच लांब. एका तांड्यासमोर ते पसरून गंगी नावाची एक बाई पायाने दाणे उलटवत होती. "बाजूनं घे, बाजूनं घे!" मारोतराव म्हणाले. कोकिळाबाईंनी बाजूने घेतली, पण दुसऱ्या बाजूने. चाक दाण्यांत शिरलं. स्कूटी हळूच, मोठ्या प्रेमाने, सरसर सरसर सरकत गेली आणि दोघेही त्या राशीत बसते झाले. लागलं कुणालाच नाही. एकतीस वर्षांत पहिला अपघात, आणि तोही गादीवर.

मारोतरावांनी आधी कोकिळाबाईंकडे पाहिलं. केसांत सोयाबीन, कानात सोयाबीन. त्यांनी मारोतरावांकडे पाहिलं. हसणं कुणाचं आधी सुटलं, ते आजही ठरलेलं नाही. गंगी कमरेवर हात ठेवून भांडायला आली होती. जवळ येऊन दोघांना पाहिलं आणि तीही मटकन खाली बसून हसायला लागली. "म्हातारा-म्हातारी!" एवढंच तिला बोलता येत होतं. मग तिघांनी मिळून दाणे पुन्हा पसरले. गंगीने पाणी दिलं. कोकिळाबाईंनी गाडी उभी केली, आरसा पुसला आणि म्हणाल्या, "बसा."

मारोतराव बसले.

दारव्ह्याच्या अलीकडे पुढे एक एसटी रडतखडत चालली होती. कोकिळाबाईंनी हॉर्न दिला, उजवीकडून आल्या आणि एसटी मागे टाकली. ड्रायव्हरने खिडकीतून वाकून पाहिलं, ओळखलं, आणि "चिरडे! अबे चिरडे!" करत हॉर्नवर हॉर्न दिले. मारोतरावांनी दोन्ही हात सोडून हवेत वर केले.

पाय पूर्ण थांबला असं नाही. अजूनही कधीतरी दाबला जातो. पण मारोतराव लपवत नाहीत. दिवाळीनंतर डेपोत त्यांनी ड्रायव्हरांना सगळं सांगितलं, पायाचं, पोट्टीचं, विहाराचं. सगळे हसले, आणि हसून झाल्यावर तिघांनी हळूच बाजूला घेऊन अपेक्षा मॅडमच्या खोलीचा पत्ता विचारला. एकाला झोप येत नव्हती. एकाचे हात कापायचे. तिसऱ्याने कारण सांगितलं नाही, मारोतरावांनी विचारलं नाही, फक्त सोबत गेले.

आणि परवा जेवताना कोकिळाबाई म्हणाल्या, "आता माहूरले जाऊ. घाटानं."

मारोतरावांनी हातातला घास संपवला. मग हात धुतले, अंगणात गेले आणि स्कूटीच्या चाकांतली हवा दाबून पाहू लागले.