धाकट्याच्या खुर्चीपुढचा आरसा

सलूनमध्ये खुर्च्या दोन. दाराजवळची थोरल्या भावाची, आतली धाकट्याची. धाकटाही आता पन्नाशीला टेकलेला. पण दुकान थोरल्याचं, त्यामुळे धाकटा तो धाकटाच. हात हलका, कात्री झकास, खोड एकच. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, की धाकट्याच्या डोक्यातला किडा वळवळायचा.

"साहेब, आरशात डाव्याचं उजवं होतं. मग वरचं खाली का नाही होत?"

शाळेत याच प्रश्नापायी मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तेव्हापासून तो हट्टालाच पेटलेला. कुणी हसायचं, कुणी म्हणायचं, "तू कल्ले सारखे कर बाबा!" एकाने सांगितलं, डोळे शेजारी-शेजारी आहेत म्हणून. धाकट्याने तिथल्या तिथे एक डोळा मिटून पाहिलं. आरसा काही बधला नाही.

एका दुपारी दुकान रिकामं बघून हा गडी चक्क बाकावर आडवा झाला आणि आरशाकडे बघून हात हलवू लागला. नेमकं तेव्हाच एक जुनं गिऱ्हाईक दारात आलं, थबकलं आणि समोरच्या सलूनमध्ये शिरलं.

थोरला उखडला. "यापुढे आरशाचं नाव काढलंस तर खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवीन!"

"ठेव ना, दादा. तिथे बसून विचारीन. खुर्ची तुझी, तोंड माझं."

दुसऱ्या दिवशी थोरल्याने धाकट्याच्या आरशावर जुनी चादर टांगली. ना आरसा, ना प्रश्न. धाकटा मुकाट कात्री चालवू लागला.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "हे काय? आरशाला काय झालं?"

धाकट्याने मान वळवली. "दादा, मी विचारलं नाही हं. हे विचारतायत. सांगू?"

थोरल्याने दात-ओठ खाल्ले. धाकट्याने सगळं साग्रसंगीत सांगितलं. मग पुढच्याने विचारलं, मग त्याच्या पुढच्याने. संध्याकाळी बाकावरचे दोघं थोरल्याच्याच आरशापुढे हात वर करून भांडत होते, आणि अर्धवट दाढीचा माणूस खुर्चीतून ओरडत होता, "अहो सरका, मला मी दिसत नाहीये!"

थोरल्याने तरातरा जाऊन चादर ओढली. "घे तुझा आरसा! पण त्याच्याबद्दल एक अक्षर नको."

"बरं," धाकटा म्हणाला. त्याने नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कंगवा पाण्यात बुडवला.

"साहेब, आरशाचं राहू द्या. केस उपटला की दुखतं. मग कापताना का नाही दुखत?"