अख्खं गाव एकच पेशंट

आज धंतोलीत आमच्या दवाखान्यात जे झालं, ते डोक्यातून जाऊनच नाही राहिलं, म्हणून लिहितेय.

मी पेशंटच्या ईमेलना उत्तरं देते. त्यासाठी नुकतंच नवं सॉफ्टवेअर आलं. एकाच पत्त्यावरून पुन्हा मेल आला, की ते त्याला जुन्या मेलला जोडून टाकतं. काम कमी झालं म्हणून मी खूश होते.

सकाळी काटोलकडच्या एक काकू काउंटरवर आल्या. "काहून वं पोरी, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करू का म्हणून मेल केला होता. उत्तरच नाही आलं, मी देतच राहिली. आता डॉक्टर म्हणते, आज यायचं ऑपरेशन होत नाही."

मागे बाकावर ऑपरेशनसाठी आलेले काका उपाशीपोटी बसले होते.

मेल सापडला. त्यावर लिहिलं होतं, 'उत्तर दिले'. दिलं होतं, पण दुसऱ्याच कुणाच्या एक्स-रेबद्दल!

"काकू, मेल कुठून केला?"

"गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून. आमच्याकडचे सारे तिथूनच करते."

सारे! सॉफ्टवेअरसाठी अख्खं गाव एकच पेशंट. एकाला उत्तर गेलं, की सगळ्यांवर 'उत्तर दिले'.

त्या पत्त्यावरचे सगळे मेल मी पुन्हा उघडले. पण विदर्भात झेरॉक्सचं दुकान काय एकच आहे? आमच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "सोमवारी बघू." आणि निघताना स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, 'उत्तर बाकी: एकही नाही.'

तुमच्या घरच्या कुणी दुकानातून दवाखान्याला मेल केलाय का? उत्तराची वाट पाहू नका. फोन करा. सोमवारची वाट तर अजिबात पाहू नका.