सीलिंग मशीनचे सातशे छप्पन

"शेठ, फुकट देता येणार नाही. क्रेडिट उलटवावं लागेल," मी बोललो. आणि मला वाटलं, काय आपण हुशार!

मी सातवी नापास. सीए मॅडमच्या ऑफिसात चहा देता-देता टॅली शिकलो, ती पण अर्धी. कॅम्प चारला फरसाणच्या कारखान्यात सोळा वर्षं हिशेब लिहिले. आता कारखाना बंद होत होता. सगळ्या मशिनी लॉटमध्ये भंगारवाल्याला. पॅकिंगवाल्या सुमनताईंनी एकच मागितलं, त्यांचं पायाने दाबायचं सीलिंग मशीन. चिखलोलीला घरी चकल्या करून विकणार होत्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरी कमाई नाही.

मशीन बेचाळीसशेचं, वर सातशे छप्पन जीएसटी. धंद्याच्या वस्तूवर भरलेला जीएसटी आपल्या विक्रीच्या जीएसटीतून वजा करता येतो. ते इनपुट क्रेडिट. एवढीशी वस्तू लोक सरळ खर्चात टाकतात. मी शहाणा, मशिनरीत टाकून क्रेडिट घेतलं. वस्तू फुकट दिली तर ते क्रेडिट सरकारला परत.

"कितना?" शेठनी विचारलं.

"सातशे छप्पन."

"जाने दे यार. लॉट में डाल."

सुमनताई दारातच उभ्या होत्या. "राहू द्या भाऊ," म्हणाल्या, "तुमची टॅली नाराज व्हायची." हसल्या. मी पण हसलो, गाढव.

आठवड्याने मॅडमकडे शेवटचे कागद घेऊन गेलो. माझी हुशारी ऐकवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"चार वर्षं वापरलं ना? मशिनरीचं क्रेडिट दर तिमाहीला पाच टक्के कमी होतं. उरलं वीस टक्के. थोड्या पैशात बिल फाडून द्यायचं, एकशे एक्कावन्न भरायचे. संपलं."

तसाच भंगारवाल्याकडे गेलो. त्याने तांब्यासाठी मशीनची कॉइल काढून पत्रा वेगळा केला होता.

नंतर अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनबाहेर सुमनताई दिसल्या. पुढ्यात चकल्यांची पाकिटं. मेणबत्तीवर हॅक्सॉ ब्लेड तापवून पिशव्या चिकटवतात. अंगठ्याला चिंधी. मी सगळं सांगून टाकलं, एकशे एक्कावन्नचं पण.

त्या जरा वेळ पाकिटंच नीट लावत राहिल्या.

"मला विचारायचं होतंत भाऊ. मी दिले असते की."

एक पाकीट घेतलं. त्यांनी सुट्टे परत दिले, मोजून. घरी येऊन बघतो तर एका कोपऱ्यात जोड सुटलेला, चकल्या सादळलेल्या. सगळ्या खाल्ल्या.

नियम अर्धा येत असेल तर उरलेला अर्धा विचारून येईपर्यंत तोंड बंद ठेवावं. मी हल्ली ठेवतो. तसंही आता मला कोण विचारतंय.