नम्रताच्या नावाने आत कोण?

समाधान गवई सहजासहजी विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता. वऱ्हाडातून आला, विश्रांतवाडीत खोली घेतली, तेव्हापासून कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचा. कसबा पेठेतल्या एका करसल्लागाराच्या कचेरीत तो संगणक सांभाळायचा. बिघाड यंत्रात कमी, माणसात जास्त, असं त्याचं मत.

म्हणून नम्रताची तक्रार आली, तेव्हा त्याला पहिला संशय नम्रताचाच आला.

तिला पाच महिन्यांचं बाळ. धायरीत घरी बसून, ब्रॉडबँडवरून ती कचेरीच्या सर्व्हरवर काम करायची. हाताला वेग आला की जोडणी तुटायची, समोरचा पडदा जायचा. दुसरं कोणीतरी जोडलं गेलंय, एवढा निरोप उरायचा.

मालक रंगनाथराव म्हणाले, "रोज तुटतं, आणि नेमकं यांचंच! सोमवारपासून इथे येऊन बसा म्हणावं. नाहीतर बाळ सांभाळा, बिनपगारी."

बाळाला ठेवायचं कुठे? म्हणजे नोकरी गेल्यातच जमा.

माऊस बराच वेळ हलला नाही, तर सर्व्हर माणसाला बाहेर काढायचा. समाधानने ती मुदत वाढवली. तिचा मोडेम बदलायला लावला. तरी तुटायचं ते तुटतच होतं.

"तुझा नवरा तर शिरत नाही ना, दुसरीकडून?" त्याने तिला विचारलं.

"तो? त्याला मिक्सर चालू करता येत नाही."

शुक्रवारी त्याने तिला फोनवर धरून ठेवलं आणि स्वतः सर्व्हरपुढे बसला.

"गेलं!" ती ओरडली.

पण सर्व्हरवर नम्रताचं नाव तसंच होतं, चालू. फक्त त्या नावाने जोडलेला संगणक बदलला होता. धायरीचा नव्हता. मालकांच्या केबिनमधला होता.

समाधान उठून केबिनमध्ये गेला. कपाटाच्या किल्ल्या मालकाकडे, तसे सगळ्यांचे पासवर्डही मालकाकडे, ही तिथली रीतच होती.

"ये, बघ," रंगनाथराव म्हणाले. "पाच मिनिटं झाली, एक आकडा हलला नाही. झोपल्या असतील बाईसाहेब."

"साहेब, तुम्ही तिच्या नावाने शिरलात. एका नावाने एकच जण आत राहतो. तुम्ही आलात की ती बाहेर."

"म्हणजे काम करत होती?"

"तुम्ही बघायला येईपर्यंत."

रंगनाथराव त्याला न्याहाळत राहिले. "तुम्ही दोघं मिळालेले नाहीत ना?"

समाधानला राग आला नाही. त्यानेही हेच विचारलं असतं.

"ती पासवर्ड बदलेल. मलाही सांगणार नाही, तुम्हालाही नाही. आठवडाभर बघा. तुटलं, तर तिच्याबरोबर मलाही काढा."

आठवडाभर एकदाही तुटलं नाही. रंगनाथरावांनी धायरीचं काम धायरीतच राहू दिलं. पण चैन पडेना. समाधानसमोरच त्यांनी फोन लावला.

"काय, काम करताय ना?"

"करत होते," नम्रता म्हणाली. "तुमचा फोन आला."